तुझ्या ओट्यावरचं मुकं वाचनालय

प्रिय श्रावण,

चिरंजीव लिहायला हात गेला आणि मधेच थांबला. सासरी होते तेव्हा शेजारच्या मास्तरांकडून तुला पत्र लिहवून घ्यायची, त्यातही मायना हाच असायचा. आता तो कसा लिहू? म्हणून नुसतं प्रिय लिहिलं. "अक्का, हे काय नाटकी!" म्हणशील. म्हण.

तुला जाऊन सव्वा वर्ष झालं. एवढ्या दिवसांत रडले, भांडले, तुझ्या टोपीला ऊन दाखवून ती पुन्हा खुंटीला अडकवली, पण पत्र लिहिलं नाही. काल मात्र तुझ्या नावाचं वाचनालय उघडलं, आणि तिथे जे पाहिलं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गिळवणार नाही. असल्या गोष्टी ऐकून पोट धरून हसणारा माणूस या गल्लीत एकच होता. सकाळपासून चूल तशीच आहे. आधी हे लिहिते.

अरे, तुझ्यामागे इथे एक पेठ-सुधारणा मंडळ निघालं. अध्यक्ष आपले रावसाहेब. सरकारनं पदवी दिल्यापासून त्यांची मान वळत नाही, बघायचं तर अख्खं अंग वळवतात. चिटणीस ते कोपऱ्यावरचे वकील. या दोघांना एके दिवशी साक्षात्कार झाला की धुळ्यातली आपली पेठ मृतप्राय झाली आहे आणि तिच्यात नवे प्राण फुंकले पाहिजेत. कालच्या भाषणात 'मृतप्राय' तीनदा आलं. मृतप्राय! रोज दिवेलागणीला तुझ्या ओट्यापुढे पन्नास-साठ माणूस मांडी घालून बसायचं. समोरच्या पटांगणात डफ वाजायचा, कुस्त्या व्हायच्या, शेंगांच्या टरफलांतून वाट काढत घरी जावं लागायचं. मेला होतास तो तू एकटा.

तर प्राण कसे फुंकले ते ऐक. पटांगणाला तारेचं कुंपण घातलं. आत हिरवळ लावली आणि हिरवळीवर बसू नये अशी पाटी लावली. डफवाल्यांना पांझरा नदीपलीकडे पिटाळलं, कारण इथे आता कलेचं माहेरघर व्हायचं आहे. माहेरघर म्हणे! लेकीला हाकलून देऊन कुठे माहेर होतं का रे?

आणि कारंजं! आपल्या गावाला चैत्रात हंडाभर पाण्यासाठी नदीच्या वाळूत झिरे खणावे लागतात, आणि यांनी कारंजं बांधलं. मागे हौद आहे, तो पखालवाल्यानं सकाळपासून खेपा घालून भरला. रावसाहेबांनी चावी फिरवली, टाळ्या पडल्या, पाणी उडालं. भाषण दुसऱ्या मुद्द्यावर येईपर्यंत हौद आटला. मग एक लांब फुर्रर्र आवाज आला आणि कारंज्यानं मान टाकली. रावसाहेब वळून बघणार, तर मान वळत नाही! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. मी पदर तोंडात कोंबला. तू असतास तर तुला हात धरून बाहेर न्यावं लागलं असतं.

मला कुठे बसवलं होतं ते विचार. तिसऱ्या रांगेत, मांडवाच्या खांबामागे. तुझी सख्खी बहीण, तुझ्याच नावाचा समारंभ, पण मंगल कार्यात विधवा पुढे नको! वकील हळूच येऊन म्हणाले, "अक्का, गैरसमज नसावा, शिष्टाचार असतो." सही घ्यायला आले तेव्हा कुठे गेला होता रे शिष्टाचार? तेव्हा तीनदा उंबरा झिजवला, माझ्या हातचा चहा प्याले आणि माझ्याच हातची सही घेऊन गेले. सहीला विधवा चालते.

हो, सही. ती गोष्ट आता सांगायलाच हवी. रागावू नकोस. खरं म्हणजे रागाव.

ओटा आपल्या घरापुढचा, आपल्या नावावरचा. तो मोडल्याशिवाय यांचा हॉल सरळ रेषेत येत नव्हता. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा वकील म्हणाले, "अक्का, श्रावणभाऊंचं वाचन याच जागी चालू राहील. पक्क्या छपराखाली. पावसाळ्यातसुद्धा खंड नाही. वर त्यांचं नाव, आत त्यांची तसबीर." मी भाळले. तुझं नाव, तुझी तसबीर! मी विचारलं, किती माणूस मावेल? म्हणाले, शंभर. मी विचारलं, बायांना जागा असेल? म्हणाले, पडदा लावू. एवढं सगळं विचारलं, पण बोलता येईल ना, हे विचारायचं मला सुचलंच नाही. सुचणार कसं? वाचायचं ते मोठ्यानंच, हे मी धरूनच चालले होते. जन्मात मी मुकं वाचन पाहिलंच नव्हतं.

तू स्टेशनावर पार्सल हापिसात कामाला होतास, त्यामुळे चाळीसगावच्या गाडीनं आलेला पेपर गावात सगळ्यात आधी तुझ्या हाती पडायचा. ओट्यावर बसून तू तो वाचायचास. आधी छापलेलं, मग तेच अहिराणीत. "भाऊ, आज काय लिखेल शे?" अशी धुडकू आबानं टांगा सोडता सोडता हाळी दिली की वाचन सुरू. आणि तुझा तो कायदा! कोणाला कळलं नाही तर त्यानं म्हणायचं, "मांगे फिर." की तू मागे फिरलास, पहिल्या ओळीपासून. शेवटच्या माणसाला कळेपर्यंत पान उलटायचं नाही. कायदेमंडळाची एक बातमी चार दिवस चालली होती, आठवतं? धुडकू आबाला पटेचना की आपण निवडून दिलेला माणूस आपल्याला न विचारता हात वर करतो. मी दाराआड वैतागून गेले होते. तू हसून पुन्हा पहिल्या ओळीवर.

मग तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शेवटची दोन वर्षं तुला अक्षर दिसत नव्हतं, हे तुला आणि मला, दोघांनाच ठाऊक. मला अक्षरं तूच शिकवलीस, विधवा होऊन परत आले तेव्हा, राखेत बोटानं काढून. त्या अक्षरांवर मी दुपारी चुलीपुढे तुला अख्खा पेपर वाचून दाखवायची. एका हातानं कळण्याची भाकरी थापायची, दुसऱ्या हाताशी पेपर. तू ऐकायचास, सगळं डोक्यात ठेवायचास, आणि संध्याकाळी ओट्यावर पेपर डोळ्यांपुढे धरून खडाखडा म्हणायचास. एकदा उलटा धरला होतास. धुडकू आबा उठला, तुझ्या हातातून अलगद काढून सुलटा करून दिला आणि परत जागेवर जाऊन बसला.

यावरून मात्र माझा तुझ्यावर राग आहे, श्रावण. आज बोलतेच. एकदा तरी म्हणायचं होतंस, "लोकहो, हे अक्कानं वाचलंय." एकदा! तू म्हणायचास, "लोक काय म्हणतील, बाई वाचते आणि बाप्या घोकतो." मोठा आलास लोकांना भिणारा! फौजदाराला भ्याला नाहीस, पेपर जप्त करायला आला तेव्हा त्यालाच बसवून घेऊन बातमी ऐकवलीस, आणि या एका वाक्याला भ्यालास. मीही कधी तोंड उघडलं नाही, तेव्हा निम्मा दोष माझा. तू गेल्यावर ओटा तीन महिने रिकामा होता. माणसं येऊन बसायची, थोडा वेळ दाराकडे बघायची, उठून जायची. मी आत पेपर उशाशी घेऊन बसलेली. बाहेर जाऊन वाचायची हिंमत झाली नाही. मग सही केली. म्हटलं, कोणीतरी वाचेल, पक्क्या छपराखाली.

तुझी तसबीर बघ आता. डोक्यावर रेशमी पागोटं! जन्मात पागोटं बांधलं होतंस का तू? हातात जाडजूड पुस्तक, तेही मिटलेलं. आणि डोळे इतके पाणीदार रंगवलेत की मला तिथेच हसू आणि रडू एकदम आलं. रावसाहेब तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे थोर वाचनप्रेमी होते." हयातीत हेच रावसाहेब ओट्यावरून जाताना नाकाला रुमाल लावायचे. तिथे बसणाऱ्या हमालांचा घाम सोसत नव्हता ना!

भाषणं संपली, रावसाहेब आणि मंडळी हॉलमध्ये पेढ्यांकडे वळली, तेव्हा मीही आत गेले. म्हटलं, बघू तर खरं. उतरत्या लाकडी फळ्या, त्यांवर पेपर, मधून लोखंडी गज आणि गजाला कुलूप. पेपरालासुद्धा कैद! भिंतीवर हातभर पाटी: बोलू नये. मी ती वाचली, पण माझ्यासाठी आहे असं वाटलं नाही. मी तर बोलणार नव्हते, वाचणार होते. पेपरापुढे उभी राहिले, पहिली बातमी होती कापसाच्या जिनांतल्या मजुरांच्या संपाची, आणि लागले वाचायला. जसं चुलीपुढे वाचायची तसं. मला दुसरं येतच नाही रे.

दोन ओळी झाल्या नाहीत तोच शिपाई धावत आला. "अहो बाई, श्श्! मनातल्या मनात!"

"मनातल्या मनात वाचलं तर ऐकणार कोण?" मी म्हटलं. अगदी साधा प्रश्न होता. तो नुसता पाटीकडे बोट दाखवत राहिला. रावसाहेब अख्खं अंग वळवून माझ्याकडे बघायला लागले. वकील हसल्यासारखं करून म्हणाले, "अक्का, इथे आता सुसंस्कृत वाचन होणार आहे."

आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अक्का, मांगे फिर. माले समजनं नही."

धुडकू आबा. त्याला आत घेतलं नव्हतं, अंगरखा मळका म्हणून. दाराबाहेर चाबूक काखेत धरून उभा होता. श्रावण, तो एक क्षण मला मिळाला होता. पहिल्या ओळीवर जायचं, एवढंच करायचं होतं. आणि मी काय केलं? पदर सावरला आणि बाहेर पळाले. सत्तावन्न वर्षांची बाई, पोरीसारखी पळाले! रावसाहेबांना मी मघापासून नावं ठेवते आहे, पण काल सगळ्यात जास्त किळस मला माझी आली.

पायऱ्यांवर ठगूबाई शेंगांची पाटी घेऊन बसली होती. आपली शेजारीण, भिंतीला भिंत. मी तिच्याशेजारी मटकन बसले. म्हटलं, "ठगूबाई, मला नाही जमायचं. तो श्रावणचा आवाज होता." ती शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली,

"आवाज भाऊना व्हता. वाचेल तुन्हं व्हतं. तू दुपारले चुल्हापुढे वाचे, ते माले भितडाआड ऐकू ये. बठ्ठासले ठाऊक शे, अक्का."

सगळ्यांना! पहिल्या दिवसापासून! दोन वर्षं आपण दोघं जिवापाड लपवत होतो, आणि ती माणसं दोन वर्षं आपलं लपवणं सांभाळत होती. तुझा मान राहावा म्हणून. मला तोंड वर करवेना. मी खाली बघत राहिले, आणि खाली पायरीवर मला चुन्याचा डाग दिसला. तू पान खाऊन बोटाचा चुना जिथे पुसायचास तोच. किती वेळा घासला होता मी तो, तुला शिव्या देत! कंत्राटदारानं नवा दगड कशाला आणावा? आपल्या ओट्याचेच काळे दगड त्यानं पायऱ्यांना लावलेत.

म्हणजे ओटा आहे, श्रावण. यांच्या शहाणपणाच्या दाराशीच आहे.

आत बोलू नये असं लिहिलंय. पायऱ्यांवर पाटी नाही. उद्या लावतील, लावू देत. पाटी वाचून दाखवायलाही कोणीतरी लागेलच, तीही अहिराणीत करून सांगेन. धुडकू आबाला सकाळीच निरोप पाठवलाय, गाडीवरून पेपर घेऊन ये म्हणून. त्यानं उलट निरोप पाठवला: कालनी बातमी बाकी शे.

तेव्हा तुला शब्द देते. आज दिवेलागणीला मी त्या चुन्याच्या डागाशेजारी बसेन, डोक्यावरचा पदर मागे घेईन आणि माझ्या स्वतःच्या आवाजात संपाची बातमी पहिल्या ओळीपासून वाचेन. रावसाहेब आले तर त्यांनाही बसायला सांगेन. आणि शेवटच्या माणसाला कळेपर्यंत पान उलटणार नाही.

तुझी,
वाचणारी अक्का