शेवटच्या मशीनचं कनेक्शन

३ मार्च
नोकरी सुरू झाली! मांस पॅक करणाऱ्या कारखान्यात डेटाबेस सर्व्हर सांभाळायचा. खोली मस्त थंडगार, काचेपलीकडे कापणी विभाग. मुकादम स्वतः चहा घेऊन आले. म्हणाले, आधीचे इंजिनिअर फार घुमे, तुम्ही तरी गप्पा मारा. बायकोने फोनवर पहिलं काय विचारावं? स्वेटर नेलास का!

५ मार्च
हा सर्व्हर फक्त स्वतःशीच बोलतो. बाहेरचं एकही कनेक्शन घेत नाही, त्यामुळे कापणीचे हुकूम पेनड्राइव्हवरून मशीनपर्यंत न्यावे लागतात. कारखान्याचे साहेब वैतागलेत, उद्या सगळं नेटवर्कवर हवं म्हणाले. मुकादमांनी मला बाजूला घेतलं. शेवटच्या मशीनमध्ये एक कारागीर सापडून मेला, त्यानंतर आधीच्या इंजिनिअरने मुद्दाम सर्व्हरची बाहेरची दारं लावली, म्हणे. ते मशीन बंद आहे, वायरही कापलीय. मग भीती कसली? मला हसू आलं, पण दाबलं.

६ मार्च
बाहेरच्या कनेक्शनसाठी पोर्ट उघडलं, चालू मशीनचे नेटवर्कवरचे पत्ते परवानगीच्या यादीत टाकले, सर्व्हर रीस्टार्ट केला. एकेक मशीन जोडलं गेलं. साहेबांनी पाठ थोपटली.
एक कनेक्शन जास्त दिसतंय. पत्ता शेवटच्या मशीनचा. त्याला मी परवानगी दिलेलीच नाही.

७ मार्च
मुकादमांचा हात गेला. बंद मशीनचं पातं पुसत होते, ते फिरलं. खांद्यापर्यंत आत ओढलं त्यांना. काचेवर रक्त उडालं, अगदी माझ्या तोंडासमोर. हुकूम माझ्या सर्व्हरवरून गेला होता, आणि सर्व्हरला तो त्याच पत्त्यावरून आला होता.
सेटिंग पहिल्यासारखं केलं. बाकी सगळी कनेक्शनं तुटली. ते एक नाही.

८ मार्च
मुकादम वारले. साहेबांना हात जोडले, आज काम बंद ठेवा. भुतंखेतं घरी ठेवून ये म्हणाले, आणि मला दाखवायला स्वतः मशीनच्या सरकत्या पट्ट्याशी उभे राहिले. आधी टाय ओढला गेला. मग मान. हाडं मोडल्याचा आवाज काचेतून—
नेटवर्कची केबल उपटली. कनेक्शन तसंच.

दुपारी
कामगार पळाले. माझं दार उघडत नाही, कुलूप सर्व्हरवर चालतं. सर्व्हरचा प्लगही काढलाय. संगणकाचा पडदा चालूच—
बायकोला फोन लागत नाही.
काच तडकली. पाती फिरतायत, सगळी, शेवटचंही—
पडद्यावर नवा हुकूम. माझं नाव. माझं वजन, बरोबर. खाली लिहिलंय, तुकडे