तिसऱ्या पानावरचं मीठ

गुरुवार, तारीख १४
सकाळी साडेसहा, स्वयंपाकघरातलं टेबल

चि. बारक्या,

आशीर्वाद. एरवी 'अनेक' लिहितो. आज एकच. यापुढे 'आम्ही सर्व खुशाल' असं लिहायची रीत आहे. आई खुशाल नाही, मी नाही, आणि जिने खुशाल असायला काहीच हरकत नव्हती ती बाई तुझ्या एका फोनने घरी बसली आहे. तेव्हा ती ओळ वगळतो. वगळणं हा माझा धंदाच आहे, संपादकाच्या खुर्चीत तीस वर्षं तेवढ्यावरच पगार घेतो.

फोन सोडून पत्र का? फोनवर मी "अरे, पण" म्हणतो आणि तू "दादा, दोन मिनिटं" म्हणून वीस मिनिटं बोलतोस. कागदाचं तसं नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही, फार तर फाडता येतो. फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच.

आधी आई. मनगटाचं प्लास्टर आणखी पाच आठवडे. उजवाच हात, म्हणून मी भरवतो, आणि प्रत्येक घासाला लहानपणी मी कसा तोंड मिटून बसायचो ते ऐकतो. म्हणजे जीभ शाबूत आहे. रक्तातली साखर खरोखर उतरली आहे, ते श्रेय तुझं. मी रागावलोय, अप्रामाणिक झालेलो नाही. (हे वाक्य लक्षात ठेव. पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.)

आईची साखर उतरावी म्हणून तू लिहून पाठवलेलं पथ्य सुरू झालं. भात गेला, पाव गेला, बटाटा गेला. आईला सोबत म्हणून मीही धरलं. दहाव्या दिवसापासून तिच्या पायात गोळे यायला लागले. रात्री अडीचला पोटरी अशी दगड व्हायची की हात लावला तरी ती ओरडायची. मग आम्ही सगळे जागे. मी एक अर्धा श्लोकही केला, पाठशाळेतल्या गुरुजींनी छडीने शिकवलेलं कधीतरी उपयोगी पडावं म्हणून:

अन्नं त्यक्तं मया सर्वं मां तु निद्रा समत्यजत्।

अन्न मी सोडलं, झोपेनं मला सोडलं. ऑफिसात फार वाखाणला गेला. आई तिकडे उशी चावत होती आणि मी वृत्त जमल्याच्या आनंदात होतो.

रविवारी तुझा फोन. "आई, कशी आहेस?" "मस्त रे! हलकं हलकं वाटतंय." फोन ठेवला की मला म्हणायची, "त्याला सांगू नकोस हं. एवढ्या लांबून पोर जीव तोडून सांगतंय." तुला खोटं सांगण्यात आम्हा दोघांची एकी होती. या घरात एवढी एकी दुसऱ्या कशात झाल्याचं मला आठवत नाही.

आता नर्सबाई. आपण म्हणतो नर्सबाई, पण ती नर्स नाही. एजन्सीने रात्री आठ ते सकाळी आठ आईच्या सोबतीला पाठवलेली बाई. तिचं काम तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून लिहितो. आई ओरडली की दिवा लागायच्या आधी तिचं पाऊल बाईच्या हातात. गुडघा सरळ, टाच धरायची, चवडा हळूहळू गुडघ्याकडे वळवायचा. हिसका नाही. "सोडा आजी, श्वास सोडा. शिव्या द्या हवं तर." आई द्यायची. मातोश्रींचा शब्दसंग्रह एवढा समृद्ध आहे हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. गोळा सुटला की पोटरी चोळायची, गरम पाण्याच्या पिशवीने शेकायची, पायाशी घट्ट खोचलेलं पांघरूण सैल करायची.

तिसऱ्या आठवड्यात ती मला म्हणाली, "साहेब, आजींच्या सूपात मीठ नावालाही नाही. वर लघवीची गोळी चालू. डॉक्टरांना एकदा विचारता का?"

मी फ्रिजवर लावलेल्या पथ्याच्या कागदाकडे बोट दाखवलं. "त्यात तसं काही नाही."

"कागदाला पेटके येत नाहीत, साहेब."

हेही मी ऑफिसात विनोद म्हणून सांगितलं. डॉक्टरांना विचारलं नाही.

आई पडली त्या रात्री काय झालं ते ऐक, कारण तू न ऐकताच निकाल दिलास. डाव्या पायाचा गोळा सोडवून बाई पिशवीसाठी पाणी तापवायला गेली. चार मिनिटं. तेवढ्यात उजव्या पायात आला. उभं राहिलं की सुटतो हे आईला ठाऊक होतं, म्हणून तिने कॉटवरून एकदम उडीच मारली. पाय टेकलाच नाही. पडली ती हातावर.

तू सात हजार मैलांवरून म्हणालास, "झोपली असणार ती!" आणि मला न विचारता एजन्सीला फोन केलास. तिच्या नावापुढे 'निष्काळजी' असा शेरा पडला. आता तिला कुणाच्याच घरी पाठवत नाहीत. जी आठवडाभर आपल्या आईचं पाऊल मांडीवर घेऊन बसली, तिला तू एका शब्दात मोडीत काढलंस. बारक्या, तुझा इतका राग मला आयुष्यात आलेला नाही. माझी सायकल विहिरीत घातलीस तेव्हाही नाही.

आईला औषध द्यायची वेळ झाली. थांबतो.

रात्री नऊ

दिवसभर येता-जाता वरचं सगळं परत परत वाचलं. मजकूर बरा आहे, पण एक परिच्छेद कमी आहे.

पथ्याची तू नऊ पानं पाठवली होतीस. मी ती छापून घेतली. तुझं गद्य तुला माहीत आहेच: प्रत्येक वाक्याला तीन उद्गारचिन्हं आणि दर पानाला तुझ्या स्वतःच्या वजनाचा इतिहास. मी लाल पेन्सिल घेतली. कुठलाही मजकूर कापला की सुधारतो, असं मी प्रत्येक नवशिक्याला सांगत आलो. नऊ पानांचं एक केलं. सुबक झालं. तेच फ्रिजवर लावलं.

काल कपाटातून मूळ पानं काढली. पान तीन, दुसरा परिच्छेद. तुझे शब्द:

"पिष्टमय पदार्थ कमी झाले की शरीर मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतं, पायात पेटके येऊ शकतात. आई लघवीची गोळी घेते, आणि बाबांच्या आजारपणापासून घरात मीठही नावापुरतं. साखरेची औषधंही बदलावी लागतील. सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा. विचाराच!!!"

त्यातली दोन उद्गारचिन्हं मी आधी खोडली होती. मग अख्ख्या परिच्छेदावर रेघ मारली. समासात माझ्याच अक्षरात शेरा आहे: 'पाल्हाळ'.

मला एकदाही गोळा आला नाही, ते का, तेही कळलं. मी दुपारी कँटीनचं खारट सूप दोन वाट्या पीत होतो.

एजन्सीचा माणूस चौकशीला आला तेव्हा मी दारातच उभा होतो. बाईने माझ्याकडे पाहिलं. 'यांनी विचारलं होतं, मीच ऐकलं नाही,' एवढं म्हणायला किती शब्द लागतात? मी तेही गाळले.

तू मात्र सुटलास असं समजू नकोस. त्या एका पानाचा फोटो मी तुला पाठवला होता. तू अंगठा पाठवलास. वाचलं होतंस का रे? की दादाने केलंय म्हणजे ठीकच असणार? तो अंगठा मला या घरात कुठे चिकटवावा ते सांग.

आई पडल्यावर तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई मला जे बोलल्या ते लिहीत नाही, आई बोलायची त्याहून सभ्य होतं पण जास्त लागलं. रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही खाली. त्यांनी गोळी निम्मी केली, सूपात मोजून मीठ सांगितलं, दुपारचा थोडा भात परत दिला. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकवून, टाचा जमिनीला लावून पोटऱ्या ताणायच्या. गोळा आला तर उडी नाही. मदत येईपर्यंत पडूनच चवडा वर ओढायचा. तू मॅग्नेशियमच्या गोळ्या पाठवतो म्हणालास, त्या पाठवू नकोस. काहींना गुण येतो, काहींना नाही, आणि आधी मूत्रपिंडं तपासायला हवीत.

आज एजन्सीत जाऊन हे सगळं लेखी दिलं, तुझ्या तिसऱ्या पानाच्या नकलेसह. तिथल्या बाई म्हणाल्या, "तक्रार तुमच्या भावाची आहे. त्यांनीच मागे घ्यायला हवी. तीस तारखेला नाव यादीतून जाईल."

तिथून नर्सबाईकडे गेलो. तिने दार अर्धंच उघडलं. मी माफीचं भाषण पाठ करून गेलो होतो. दुसऱ्याच वाक्याला तिने तोडलं.

"रात्री आजींच्या पायाला कोण बघतं?"

"मी."

"बोटं ओढता की टाच धरता?"

"बोटं."

"टाच धरा," म्हणाली, आणि दार लावून घेतलं. माफ केलं असं नाही. मला तरी तसं वाटलं नाही.

आईला सगळं सांगितलं. तिने डाव्या हाताने प्लास्टर ठोठावलं. मग म्हणाली, "दोन शहाणे पोसले मी. एक लिहितो, एक खोडतो. वाचत कुणीच नाही."

सोबत पान तीन जोडलं आहे, माझ्या लाल रेघेसकट. या पत्रात चार ठिकाणी हात शिवशिवला, पण काहीही खोडलेलं नाही.

तीस तारखेच्या आत एजन्सीला फोन कर. करच!!!

टाच धरायला शिकत असलेला
तुझा दादा