अकरा नंबरची डावी बाजू

४ फेब्रुवारी

"आधी बसा. उभ्या माणसाला कुणी खरं दुखणं सांगत नाही." — नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बाई म्हणाल्या होत्या. तेव्हा आम्ही वेण्या घालायचो.

आज त्याच बाई आमच्या वॉर्डात, खाट नंबर अकरा. पक्षाघात. डावं अंग गेलंय, जीभ जड झालीय. डोकं मात्र शाबूत. मी इंजेक्शन घेऊन गेले तर लगेच ओळखलं.

म्हणाल्या, "उभीच?"

"येते बाई, नंतर."

पुढे आणखी खाटा होत्या. नाही गेले नंतर.

५ फेब्रुवारी

आमच्याकडे कामाची वाटणी आहे. एक सिस्टर सगळ्यांचं बीपी बघते, एक ड्रेसिंग करते, मी इंजेक्शनं. ट्रे ठेवणारी मावशी वेगळी, उचलणारी वेगळी. काम कसं भराभर उरकतं! पाट्या टाकाव्या तसं.

बाई नेमकं उलटं शिकवायच्या. एक पेशंट, एक सिस्टर, आणि तो अख्खा पेशंट तिचा. "ताप, भीती आणि घरची काळजी एकाच अंगात नांदतात. तिघांकडे तीन जणी पाठवू नका." आम्ही पाच पाठवतो.

मेट्रननी बोलावलं होतं. अकरा तारखेला तपासणीला पाहुणे येणार. मी हॉलमध्ये 'समग्र शुश्रूषा' या विषयावर बोलायचं.

"तू त्यांचीच विद्यार्थिनी ना? मग छान बोलशील. वॉर्डातलं रडगाणं नको."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! 'हो' म्हणून आले.

६ फेब्रुवारी

लेक म्हणते, "आई, तू घरीपण राउंड घेतेस. जेवलीस? झोपलीस? अभ्यास झाला? — आणि उत्तर द्यायच्या आत पुढच्या खोलीत!"

हसले. मग हसू आलं नाही.

७ फेब्रुवारी

बाई जेवत नाहीत म्हणे. आल्यापासून ट्रे जसाच्या तसा परत जातोय. गिळता येतं, तपासलंय. इनचार्ज म्हणाली, "म्हातारी हट्टी आहे. मास्तरीणच ती!" डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं ठरवलंय. लगेच नाही, पाहुणे येऊन गेल्यावर. नळ्या बऱ्या दिसत नाहीत.

८ फेब्रुवारी

सुट्टी होती. तरी गेले. नवरा म्हणाला, "तिथेच एक खाट मागून घे."

स्टूल शोधलं. वॉर्डात एकही नाही — नातेवाईक ठिय्या देतात म्हणून सगळी उचलली. खाटेच्या कडेवरच बसले. बाई म्हणाल्या, "बसलीस." एवढंच.

मावशी आली, डावीकडच्या लॉकरवर ट्रे ठेवला, गेली. बाईंनी मानही वळवली नाही. मी वाट पाहिली. मग त्या हळूच म्हणाल्या, "मला इथे जेवण देत नाहीत गं."

हात आणि पाय गेलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण डावीकडे ठेवलेलं काहीच त्यांच्या ध्यानात येत नव्हतं, डावीकडचं जगच त्यांच्यासाठी उरलं नव्हतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बीपीवालीने बीपी बघितलं, मी दंड बघितला. ट्रे आणि डोळे एकत्र बघायचं काम वाटणीत कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

ट्रे उचलून उजवीकडे आणला. सगळं संपवलं त्यांनी. स्वतःच्या हाताने, बारीक बारीक घास घेत. मध्ये मी ट्रे जरा डावीकडे सरकवला, तर म्हणाल्या, "काढून घेऊ नकोस!"

"बाई, मागितलं का नाहीत?"

"मी मागू? ज्यांना मी शिकवलं त्यांच्याकडे?"

९ फेब्रुवारी

सगळ्यांना सांगितलं. ट्रेवाली मावशी म्हणाली, "मला काय, सांगाल तिथे ठेवते. पण लॉकर तिकडे, मग ट्रे मांडीवर ठेवू?" बीपीवाली हळहळली आणि पुढच्या खाटेकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "एकदा जेवल्या, ठीक आहे. पण वजन बघा किती उतरलंय." इनचार्ज म्हणाली, "सुट्टीत येऊन आमच्या चुका काढतेस होय!"

वाईट कुणीच नाही यातलं. म्हणूनच जास्त राग येतो. भांडायचं कुणाशी?

शेवटी लॉकर मीच ढकलत उजवीकडे नेला. दोन इंजेक्शनं उशिरा गेली. त्यावरून बोलणी खाल्ली — आणि ती खायलाच हवी होती. त्या दोघा पेशंटांचा काय दोष?

१० फेब्रुवारी

लॉकर परत डावीकडे! उद्यासाठी सगळे लॉकर एका ओळीत हवेत. सकाळचा ट्रे तसाच परत गेला. मी पोचेपर्यंत धुवायलासुद्धा टाकला होता. नळी उद्या दुपारी, नक्की.

भाषण मात्र सुरेख झालंय लिहून. मेट्रननी वाचलं. "डोळ्यांत पाणी आलं बघ," म्हणाल्या. मग लॉकरच्या ओळी बघायला गेल्या.

ड्युटी संपल्यावर बाईंपाशी बसले. जे मनात आलं होतं ते आधी त्यांना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर तिथेच सोडून देणार होते. अर्ध्या तोंडाने हसल्या.

"म्हणजे माझा तास आहे म्हण की उद्या."

११ फेब्रुवारी, सकाळ

भाषण घरीच ठेवून निघतेय. आधी मेट्रनच्या खोलीत जाणार. त्या नाहीच म्हणतील, माहीत आहे. तरी विचारणार —

मॅडम, पाहुण्यांना हॉलऐवजी जेवणाच्या वेळी अकरा नंबरपाशी आणाल का? लॉकर राहू दे डावीकडेच, ट्रेही तिथेच येऊ दे; काय होतं ते त्यांना बसून बघू दे. फक्त चार स्टुलं द्या.