एका दमात साताचा पाढा

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून चौथीच्या वर्गात शिकवणं बंद, खेळ सुरू. उपक्रमाचं नाव पक्कं: 'दमदार गणित'. कबड्डीत पोरं नुसतं 'कबड्डी कबड्डी' म्हणत श्वास वाया घालवतात. त्याऐवजी साताचा पाढा म्हणायचा. दम वाढेल तसा पाढा वाढेल. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणालाच सुचू नये याचं वाईट वाटलं. बरंही वाटलं.

डिसेंबरात अकोल्याला उपक्रमांचं सादरीकरण आहे. आमच्या केंद्रातून एकच शिक्षक जाणार. सासरे खुशालराव अकोल्यालाच असतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी लोकांना माझी ओळख 'आमच्या करिश्माचे मिस्टर' एवढीच करून देतात. यंदा त्यांना पहिल्या रांगेत बसवून स्टेजवरचा जावई दाखवायचा.

त्याच दिवशी, संध्याकाळ
निळा ट्रॅकसूट घेतला. शिट्टी घेतली. करिश्मा म्हणाली, "धावतीन पोट्टे, मंग ट्रॅकसूट तुमाले कायले?" तिला व्हिजन नाही.

१९ नोव्हेंबर
बाक व्हरांड्यात काढले. वर्गातच खडूनं मैदान आखलं. पोरं बेहद्द खूश. शेजारी तिसरीच्या दीपमाला मॅडमनी आवाज कमी करा म्हणून दोनदा निरोप धाडला. त्यांच्याकडे पोरं अजून मांडी घालून एका सुरात पाढे म्हणतात. पुढच्या पिढीचं कसं होणार?

२४ नोव्हेंबर
पायल हा माझा शोध. घरचा भाजीचा मळा, त्यामुळे मनगटात ताकद. सात चोकच्या पुढे ती कुणाला जाऊच देत नाही. पियुष तर आता त्रिकलाच सापडतो. (जूनमध्ये त्याला अख्खा पाढा येत होता. पण ते पाठांतर. त्यात आनंद नव्हता.) गुणतक्त्यात पायल गणितात पहिली. तिनं स्वतः अजून एकदाही पाढा म्हटलेला नाही, कारण तिला चढाईला पाठवलं तर पकडीची बाजू कमजोर पडते.

२९ नोव्हेंबर
पायलची आई माणिकबाई बाजारात जाता जाता शाळेत आल्या. म्हणाल्या, "सर, पोरीले साताचा पाढा इचारला, त माह्या पायालेच धरून राह्यली! सांभाराची टोपली उलथली ना माही."
कोथिंबीर सांडली, म्हणजे उपक्रम घरापर्यंत पोचला. त्या हे कौतुकानं सांगत नव्हत्या, एवढंच.

३ डिसेंबर
सात चोकच्या पलीकडे अजूनही कुणी गेलेलं नाही. दोष फरशीचा, फार गुळगुळीत आहे. पायलला म्हटलं, जरा ढिलं धरत जा. ती म्हणाली, "मंग खेळता कायले, सर?" विषय बदलला.
केंद्रप्रमुख शेखर साहेब दहा तारखेला पाहायला येणार. निवड ही आता फॉर्मॅलिटी. सासऱ्यांना फोन करून वीस तारीख मोकळी ठेवायला सांगितलं. "कायले?" म्हणाले. म्हटलं, तुम्ही या तर खरं.

१० डिसेंबर
साहेब आले. पियुषनं चढाई केली, सात एके सात, सात दुणे चौदा, आणि पायलनं झडप घातली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. इथवर सगळं प्लॅनप्रमाणे.
मग त्यांनी पोरांना उभं करून विचारलं, सात आठे किती? पियुष म्हणाला, "तिथलोक कोनी जातच नाई सर, आउट होते." शुभमनं उत्तराऐवजी छाती भरून श्वास घेतला. पायल साहेबांच्या घोट्याकडे टक लावून पाहत होती. मी डोळ्यांनीच तिला थोपवलं.
साहेबांचा आवाज जरा मोठा आहे. भिंतीपलीकडून अख्खी तिसरी ओरडली, "छप्पन्न!"
साहेब मला म्हणाले, "तुमीच करा ना चढाई. आयकू द्या पूर्ण पाढा." मी बुटाची नाडी सुटल्याचं सांगितलं. ते म्हणाले, बांधा, थांबतो. पायलनं मला त्रिकला धरलं. ट्रॅकसूट गुडघ्यावर फाटला. उठून पाहतो तर साहेब शेजारच्या वर्गात गेलेले. तिथून ते लवकर आले नाहीत.

११ डिसेंबर
निवड दीपमाला मॅडमची. राजकारण. सासऱ्यांना फोन करायचा आहे.

१५ डिसेंबर
फोन करायचा राहिला. रेंज नव्हती.

२० डिसेंबर, अकोला
मीही आलो आहे. साहेबांनीच पाठवलं, तिसरीच्या पोरांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. टीमवर्कमध्ये काम लहानमोठं नसतं. स्टेजवर पोरांनी मांडी घालून साताचा पाढा म्हटला. खूप टाळ्या पडल्या. फार वाईट वाटलं.
पहिल्या रांगेत सासरे होते. इस्त्रीचं धोतर नेसून, शेजारच्या दोन मित्रांना सोबत घेऊन आले होते. कार्यक्रम संपल्यावर ते व्हरांड्यात माझ्यापाशी येऊन उभे राहिले. चपलांच्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मित्रांना माझी ओळख करून दिलीच नाही.
"जवाईबापू, तुमच्या वर्गाले येते का नाई हा पाढा?"
म्हटलं, येतो की.
"म्हना बरं तुमीच."
मी छाती भरून श्वास घेतला. सात चोक अठ्ठावीसपर्यंत व्यवस्थित गेलो. आता कुणीतरी पाय धरेल म्हणून थांबलो.
कुणीच धरला नाही.