पांढरी शेवंती अन् मंगलचे सँडल

१० नोव्हेंबर, कोची
अन् पुन्हा तेच. मी नाई म्हटलं म्हंजे नाई, तरी मंगलचा फोन. "दादा, अकोल्याले एकाच दिवसाची स्पर्धा आहे. बाबा म्हनतेत, दादा म्हनन तसं." बाबानं बरं माह्या गळ्यात टाकलं. मी म्हटलं, अमरावतीले तुले बी.ए. कराले धाडलं, सुंदरी व्हाले नाई. थे म्हने, "तू सोता आठवीतून पयाला, मले काहून शिकवतं?" फोन कट. कोनं केला, आठवत नाई. मीच केला.

१२ नोव्हें.
इथंही सुंदऱ्याच. आमच्या हॉटेलात जगभरातल्या बेचाळीस जनी उतरल्या, मोठ्या स्पर्धेआधीची तालीम. खांद्यावर पट्टा, पट्ट्यावर देशाचं नाव. आमी फुलांच्या खोलीतले तिघं. काम: स्वागताच्या बेचाळीस वेण्या. सायबानं विचारलं, कोनतं फूल? मी म्हटलं, पांढरी शेवंती. घरी माय महालक्ष्म्यांसाठी हेच फूल राखून ठेवे, एकही बाजारात जाऊ देत नसे. मंगल अन् मी ओसरीत वेण्या करत बसू. तिची कधी सैल पडली नाई. माही पडे. मंग थे उसवून पुन्हा करे, अन् मायले सांगे, दादानंच केली.

१३ नोव्हें.
घोळ झाला. पाच-सहा जनींनी वेणी हातातच घेतली नाई. कोरियाची पोरगी त दोन पावलं मागं सरली. दुभाषी बाईनं सांगतलं, त्यांच्याकडे हे मयताचं फूल. सायेब काय बोलला थे लिहत नाई. आमच्या वाफ्यातलं सगळ्यात मानाचं फूल, अन्…
दुपारभर अबोलीच्या वेण्या. पांढऱ्या कोपऱ्यात.

१४ नोव्हें.
ह्या पोरी समोरून गेल्या की किचनमधले पोट्टे काय काय बोलतेत. पयल्या दिवशी मीही बोललो, सगळे हासले. मंगलले नाई म्हनाचं खरं कारन हेच. लोकं असेच बोलतीन. मले माहीत आहे, तोंड माहंच होतं.
हॉलमध्ये डोक्यावर पुस्तक ठेवून चालाची तालीम. कोनाचं टिकेना. मंगल शेताच्या धुऱ्यावरून, चिंचोळ्या बांधावरून, फुलाचं टोपलं डोक्यावर घेऊन जाये, हात न लावता, धुरा ओला असला तरी. वरून मागं न पाहता मले म्हने, "चाल ना बे बह्याड, बाजार उठून जाईन!"

१५ नोव्हें.
कोरियावाली फुलांच्या खोलीत आली. अनवाणी, सँडल हातात, टाचा सोललेल्या. सामान हरवलं, सँडल मैतरनीचे, एक नंबर लहान. हे सगळं हातवाऱ्यानं. मी देठ बांधाची पट्टी दिली, टाचेले कशी गुंडाळाची थे दाखवलं. तिनं कोपऱ्यातली पांढरी वेणी पायली. मी म्हटलं, "माय मदर फ्लावर." थे हासली नाई. वेणी दोन्ही हातानं उचलली, थोडी वाकली, अन् टेबलावर नीट ठेवली.
हॉलच्या दारापर्यंत लंगडत गेली. आत शिरली तशी ताठ. पोट्टे मागून बोललेच. मी म्हटलं, चूप बसा बे. पयल्यांदा.

१६ नोव्हें.
मंगलले मीच फोन लावला. थे सुट्टीत घरी आलेली. विचारलं, सँडल कोनाचे घालनार?
"मैतरनीचे, रूपालीचे. जरा लहान होतेत. चालते."
म्हटलं, नाई चालत.
"म्हंजे जाऊ?"
"बाबा कुठी आहेत?"
"मळ्यात. तू आधी हो म्हन ना दादा."
हो तोंडातून निघालं नाई. म्हटलं, अमरावतीतून आपल्या मापाचे घे, दुकानात चार पावलं चालून पाह्य. तिनं फोन कट केला नाई. मागं पाटाचं पानी वाहून राहिलं होतं, आयकू आलं.
स्पर्धा रविवारले. बाबा सांजच्याले घरी येतीन, मंग माहा फोन. त्याहिले काय सांगीन, अजून ठरलं नाई.
पाठवले, मंगलच्या नावानं: बाराशे रुपये.