पडण्याची सराव परीक्षा

३ फेब्रुवारी, सकाळ
मुलानं मनगटाला पट्टा बांधला. मी पडलो की यातून त्याला आपोआप फोन जाणार म्हणे. मी पडत नाही. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये झालं त्याला पडणं म्हणत नाहीत. मी जरा घाईनं खाली बसलो. असली यंत्रं समोरच्या पोस्टमास्तरांसारख्या वृद्धांसाठी. (माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण वृत्तीनं वृद्ध.) तरी ठेवून घेतला. मुलाच्या जिवाला घोर नको.
संकल्प: अजिबात पडायचं नाही.

५ फेब्रुवारी, दुपार
एकोणीस वर्षं मुख्याध्यापक होतो. शाळेची घंटासुद्धा पारखल्याशिवाय टांगू दिली नाही. सबब चाचणी घेतली. पलंगावरून थेट जमिनीवर, खाली गादी अंथरून. मुलगा बाविसाव्या मिनिटाला हजर. एका पायात काळा बूट, दुसऱ्यात तपकिरी. कुठं लागलं, कुठं लागलं, एवढंच विचारत होता. म्हटलं, सराव परीक्षा होती, पास झालास. ब्याण्णव गुण. आठ बुटांचे कापले.
नंतर बराच वेळ जिन्यात बसून होता. आनंद पचायला वेळ लागतो.

९ फेब्रुवारी
दुसरी चाचणी. एक्केचाळीस मिनिटं, आणि आली सूनबाई. दारातूनच म्हणाली, उठा आता, गादी घालून कोण पडतं? मग चहा केला. एकच कप, तिचा.
साठ गुण. घसरण चिंताजनक. सराव कमी पडतोय.
संकल्प: आठवड्याला तीन चाचण्या.

१२ फेब्रुवारी
तिसरी. घरचं कुणीच नाही. तळमजल्यावरचा शिंपी आला, गळ्यात टेप. तुमच्या मुलाचा फोन होता, जरा वर डोकावा म्हणाला. वर मलाच विचारतो, सर, पडलात की पाडून घेतलंत?
उत्तरपत्रिका दुसऱ्यानं लिहिलेली चालत नाही. शून्य. मुलाला फोनवर खडसावलं. म्हणाला, बाबा, मीटिंगमधून उठून उठून तोंड दाखवायची सोय राहिली नाही. म्हटलं, परीक्षा सांगून घ्यायची नसते. त्यानं फोन ठेवला. चूक कळलेला विद्यार्थी असाच पळ काढतो.

१६ फेब्रुवारी, रविवार
मुलगा न पडता आला. म्हणजे मी न पडता. माझा फोन आणि पट्टा घेऊन दहा मिनिटं सेटिंग करत होता. काय करतोस विचारलं, तर म्हणाला, सगळ्यांत लवकर उचलेल असा नंबर पहिला टाकलाय. ऑफिसातला खासगी नंबर असणार. गहिवरून आलं.
संकल्प: चाचण्या बंद. यापुढे खरंच पडलो तरच पडायचं.

२४ फेब्रुवारी, दुपारी २.५०
निरोपसमारंभाचा फोटो पुसायला स्टुलावर चढलो. स्टूल सदोष. डावा पाय हलत नाही. पावलानं भलतीकडेच तोंड केलंय. वही-पेन्सिल खिशात असते, म्हणून ही नोंद.
चौथ्या सेकंदाला खिशातला फोन वाजला. वाटलं मुलगा. यंत्रातली बाई निघाली. आपले वडील पडले आहेत, म्हणाली. आपण निघाला असाल तर एक दाबा, अन्यथा इतरांना कळवू. माझे वडील जाऊन चाळीस वर्षं झाली. पण बाईंचा सूर इतका काळजीचा, की नाही म्हणवेना. एक दाबला. धन्यवाद, आता इतर कुणाला त्रास देत नाही, म्हणाली.

३.०५
पहिला नंबर कुणाचा ते लक्षात आलं. माझाच. मुलाचा हिशेब चोख. चार सेकंद. शंभरपैकी शंभर.

३.१५
मुलाला फोन लावला. कट. मेसेज आला: बाबा, यंत्राचा फोन आलेला नाही, म्हणजे तुम्ही ठीक आहात. रविवारी येतो.
तर्क निर्दोष. शेवटी विद्यार्थी कुणाचा.

३.३०
स्टुलाच्या पायानं फरशी ठोकली. खालून शिंप्यानं गजानं छताला दोन ठोके परत दिले. विनोदी माणूस.

५.१०
पाय आता दुखत नाही, हे बरं की वाईट कळत नाही. पुन्हा फोन वाजला. पोहोचलात का, म्हणाली बाई. आपले वडील सुखरूप असतील तर एक दाबा.
इतकी चौकशी करते बिचारी. तिला कशाला घोर. एक दाबला.