कान लावून निवडलेला संगणक

४ जून

ती. स्व. काकांस,
शि. सा. न.

आतेभावाने फुकट दिलेल्या संगणकाचा हिशेब आज मांडला. बॅटरी दोनदा, पंखा एकदा, कळफलक एकदा, शिवाय दुरुस्तीवाल्याकडे घातलेल्या खेपा. एवढ्यात नवा आला असता! आणि तरीही तो घरघरतोच. बोलकी पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशक बाईंनी माझ्या वाचनाचा नमुना परत पाठवला. म्हणाल्या, आवाज छान आहे, पण मागे दळण कोण दळतंय? पंधरा तारखेपर्यंत स्वच्छ नमुना दिला तर वर्षभराचं काम माझं, नाहीतर दुसरीचं.

नवा संगणक खिशाला परवडावा, मैत्रिणीच्या शांत खोलीपर्यंत चार जिने उचलून नेता यावा आणि काम करताना गप्प राहावा. इथले दुकानदार म्हणतात, तिन्ही मिळत नाहीत, दोन निवडा. तुमचा जन्म मोटारी दुरुस्त करण्यात गेला, तेव्हा तुम्हीच काय ते सांगा. काकूला नमस्कार.

तुमची,
बडबडी

७ जून

चि. बडबडीस,
पोटभर आशीर्वाद.

दोन निवडा म्हणणाऱ्याच्या दुकानात तिसरी वस्तू नसते, एवढंच लक्षात ठेव.

काल काकूला घेऊन इथल्या मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता पोपटासारखा सुरू झाला. त्याला म्हटलं, बाबा, तू जरा थांब, मला यंत्राशी बोलू दे. मग एकेकाला कान लावला. पहिला दमेकरी. दुसरा पैलवान, पण उचलायलाही पैलवानच हवा. मग काचेजवळ मांडलेला एक दिसला. किंमत पैलवानाच्या निम्मी. एका हाताच्या दोन बोटांनी उचलला! कान लावला, तर हूं नाही की चूं नाही. पडद्यावर डोंगराचं चित्र होतं. पाव तास बघत उभा राहिलो, एकदाही लुकलुकलं नाही.

काकूचं मध्येच टुमणं, अहो, एखादी कळ तरी दाबून बघा. तिला सांगितलं, यंत्र ऐकायचं असतं, गुदगुल्या करायच्या नसतात. रिकाम्या हातांनी धंदा उभा केला तो या कानाच्या जोरावर. यंत्राच्या बाबतीत हा कान आजवर फसलेला नाही. डोळे मिटून तोच घे. कागदावर त्याचं नाव, किंमत आणि दुकानाचा फोन लिहून सोबत पाठवतोय.

माया आहेच, सल्ला ऐकलास तर आणखी वाढेल.

तुझा,
काका

१६ जून

ती. स्व. काकांस,
शि. सा. न.

संगणक आला. किंमत तुम्ही लिहिलीत तीच. वजन मात्र दोन बोटांचं नाही, चार जिन्यांत दोनदा टेकावं लागलं. आणि वाचन सुरू करून दहा मिनिटं झाली नाहीत तोच असा घोंघावायला लागला, की जुना बरा होता म्हणायची वेळ आली.

रडून उपयोग नव्हता. त्याला खोलीबाहेर काढून स्टुलावर बसवला, दाराखालून लांब वायर आत घेतली आणि माइकपुढे वाचत बसले. मैत्रीण बाहेर पहारा देत होती. शेजारच्या आजोबांनी तिला विचारलं म्हणे, हे विमान कधी उडणार?

नमुना काल बाईंनी ऐकला. दळण थांबलेलं दिसतंय, म्हणाल्या. काम मिळालं! पहिलं पुस्तक सोमवारपासून.

काकूला विशेष नमस्कार. माझ्यावरची माया सल्ल्याच्या हिशेबात धरू नये.

तुमची,
बडबडी

ता. क. तुमच्याकडचा एवढा मुका आणि माझाच का ओरडतो, हे विचारायला त्या दुकानात फोन केला होता. काचेजवळ ठेवलेला नुसता दाखवायचा नमुना आहे. आतून पोकळ. डोंगराचं चित्र कागदावर छापून चिकटवलेलं आहे.